शर्यतीची बखर

५ ऑक्टोबर १९५७ च्या ‘प्राव्दा’च्या पहिल्या पानावर ‘तास’ या सरकारी वृत्तसंस्थेचे एक निवेदन छापलेले आहे. आदल्या रात्री सोव्हिएत संघाने माणसाने बनवलेला पहिला उपग्रह पृथ्वीभोवती सोडला, एवढीच ती बातमी. मथळा बेताचा, सूर कोरडा. ६ ऑक्टोबरचा अंक मात्र स्पुटनिकने भरून वाहतो. मधल्या चोवीस तासांत ८३.६ किलोचा तो गोळा होता तसाच फिरत होता. नवीन होते ते पाश्चात्त्य वृत्तपत्रांचे मथळे, आणि त्या मथळ्यांवरून मॉस्कोतल्या पुढाऱ्यांना कळले की आपण काहीतरी जिंकलो आहोत.

अंतराळ-स्पर्धेवर लिहिणारे या दोन अंकांचा उल्लेख बहुधा गंमत म्हणून करतात. मला तो पुरावा वाटतो. शर्यत जिंकल्याची बातमी जिंकणाऱ्याला हरणाऱ्याकडून कळावी, अशी ती शर्यत कसली?

आपल्याकडे वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा बखरींच्या विश्वासार्हतेवर कडक आक्षेप घेतले आणि समकालीन अस्सल पत्रांना मान दिला. बखर खोटीच असते असे नाही. ती शेवट ठाऊक असलेल्या माणसाने लिहिलेली असते, ही तिची खरी अडचण. पानिपतात काय झाले हे माहीत असलेल्याला आधीचा प्रत्येक मुक्काम त्या दिवसाकडेच चाललेला दिसतो. अंतराळ-स्पर्धेचा जो इतिहास आपण शाळेपासून ऐकत आलो तो या अर्थाने बखर आहे: स्पुटनिक, लायका, गागारिन, मग केनेडींचे भाषण आणि शेवटी आर्मस्ट्राँगचे पाऊल. एक गडी आधी पुढे असतो, दुसरा मागून येऊन बाजी मारतो. गेल्या पस्तीसेक वर्षांत रशियातून बाहेर आलेले कागद, रोजनिश्या आणि आठवणी शेजारी ठेवून ही बखर वाचली की तिच्यातला मुख्य शब्दच डळमळू लागतो. तो शब्द म्हणजे ‘शर्यत’.

मराठीत हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बैलगाड्यांची शर्यत हा एक. आणि ‘लाव शर्यत’ म्हणतो तेव्हा आपल्याला पैज अभिप्रेत असते. पहिलीत दोघे एका खुणेवरून एकाच वेळी सुटतात. दुसरीत एक जण विडा मांडतो. दुसरा तो उचलतो, किंवा उचलत नाही. चंद्राच्या बाबतीत जे घडले ते दुसऱ्या अर्थाच्या जवळचे आहे, आणि विडा केव्हा, कोणी, कोणाच्या देखत उचलला याचा नीट शोध घेतल्यावर हा इतिहास बराच वेगळा दिसतो.

आरंभीचा भाग थोडक्यात सांगता येईल. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात उपग्रह सोडण्याचा मनोदय अमेरिकेने २९ जुलै १९५५ रोजी जाहीर केला. काही दिवसांतच सोव्हिएत शास्त्रज्ञांनीही तसेच सांगितले. सोव्हिएत बाजूला हे काम सर्गेई कोरोलेव यांच्याकडे होते. त्यांचे आर-७ हे रॉकेट मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बांधलेले. उपग्रह हे त्याचे जोडकाम. ठरलेला मोठा उपग्रह, जो पुढे १३२७ किलोचा स्पुटनिक-३ म्हणून मे १९५८ मध्ये गेला, वेळेत होईना. अमेरिकन आधी सोडतील या धास्तीने कोरोलेव यांनी दोन रेडिओ प्रक्षेपक घातलेला साधा गोळा पुढे काढला. अमेरिकेत उलट चित्र. वर्नर फॉन ब्राउन यांच्या लष्करी चमूचे ज्युपिटर-सी सप्टेंबर १९५६ मध्येच हजारभर किलोमीटर उंच जाऊन आले होते, पण उपग्रहाचे काम दिले होते नौदलाच्या व्हॅनगार्डला. दुसऱ्या देशांच्या डोक्यावरून उपग्रह नेण्याचा हक्क आधी निर्वेधपणे प्रस्थापित व्हावा, हा आयझेनहॉवर यांच्या विचारातला एक मोठा भाग होता, असे वॉल्टर मॅक्डूगल दाखवतात. म्हणजे धास्ती होती ती एका मुख्य अभियंत्याला. त्याचे स्वतःचे सरकार आणि समोरचे सरकार दोघेही वेगळ्याच हिशेबात होते.

मॅक्डूगल यांचा १९८५ चा अवकाशयुगाचा राजकीय इतिहास हा या विषयावरचा पायाभूत ग्रंथ. त्याला पुढच्या वर्षी इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकन सरकारने तंत्रज्ञान हाती घेताना स्वतःचे रूप कसे बदलले, हे त्यांनी ज्या बारकाईने मांडले त्याला आजही तोड नाही. पण सोव्हिएत बाजू लिहिताना त्यांच्या हाती जवळजवळ काहीच नव्हते. त्यामुळे ग्रंथाचा एक पाय दगडावर आणि दुसरा धुक्यात. सोव्हिएत संघ हा त्यात एकजीव, एका इच्छेने चालणारा प्रतिस्पर्धी भासतो. एकाधिकारशाही म्हणजे एकमुखी निर्णय, असे आपणही सहज धरून चालतो. अस्सल कागदांनी सर्वांत मोठा धक्का दिला आहे तो या समजुतीला.

त्याकडे वळण्याआधी विडा मांडणाऱ्याकडे पाहू. १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. १७ एप्रिलला क्यूबातल्या ‘बे ऑफ पिग्ज’वरची चढाई सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत फसली. २० एप्रिलला केनेडींनी उपाध्यक्ष जॉन्सन यांना एक टिपण पाठवले. त्यातला मुख्य प्रश्न असा की अंतराळात असे कोणते काम आहे ज्यात आपण रशियनांना मागे टाकू शकू? २९ एप्रिलच्या उत्तरात फॉन ब्राउन यांनी अभियंत्याच्या रोखठोकपणे सांगितले की चंद्रावर माणूस उतरवायचा तर आजच्या रॉकेटच्या दहापट क्षमता लागेल. ती रशियनांकडेही असण्याचा संभव कमी. म्हणून तिथे आपल्याला चांगली संधी आहे. ही युक्ती मोठी शहाणपणाची. प्रतिस्पर्ध्याची आजची आघाडी जिथे कवडीमोल ठरेल इतके दूरचे अंतर निवडायचे. २५ मे रोजी केनेडींनी भर काँग्रेसमध्ये विडा मांडला. तोवर अमेरिकेच्या खात्यावर ॲलन शेपर्ड यांचे पंधरा मिनिटांचे एक उड्डाण होते, तेही कक्षेत न जाता.

त्यांच्या मनात काय होते हे कळायला चाळीस वर्षे जावी लागली. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी व्हाइट हाउसमध्ये नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी झालेल्या बैठकीची ध्वनिफीत २००१ मध्ये खुली झाली. वेब विज्ञानातल्या सर्वांगीण आघाडीबद्दल बोलतात. केनेडी त्यांना थांबवून सांगतात की सगळे काही रशियनांच्या आधी चंद्रावर पोचण्याशी जोडलेले असले पाहिजे, नाहीतर इतका पैसा ओतण्यात अर्थ नाही, मला अंतराळात तेवढे स्वारस्य नाही. हे ऐकून केनेडींचे भाषण पोकळ होते असा निष्कर्ष काढणारे लेख बरेच निघाले. मला तो उथळ वाटतो. ज्या राज्यकर्त्याला अंतराळात रस नाही तो त्यातून सन्मानाने बाहेर पडायचा मार्गही शोधत असतो; आणि २० सप्टेंबर १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रांत याच केनेडींनी चंद्रमोहीम दोघांनी मिळून करावी असे सुचवले. बखरीत या प्रस्तावाला जागा नसते. शर्यतीत अर्ध्या वाटेवर ‘चल, एकत्र जाऊ’ म्हणणारा धावपटू कथेच्या सोयीचा नाही.

आता विडा उचलणारा. सोव्हिएत मध्यवर्ती समितीने आणि मंत्रिमंडळाने चंद्रावर माणूस उतरवण्याचा ठराव केला तो ३ ऑगस्ट १९६४ रोजी, केनेडींच्या भाषणानंतर तीन वर्षे दोन महिन्यांनी, आणि तोही गुप्त. मागच्या दाराने, दिवा मालवून उचललेला हा विडा. शिवाय तो एकाने उचलला नाही. माणूस उतरवण्याचे काम कोरोलेव यांच्या कचेरीला आणि न उतरता चंद्राला वळसा घालून येण्याचे काम व्लादिमीर चेलोमेई यांच्या कचेरीला; दोन वेगळी रॉकेटे, दोन वेगळी याने. चेलोमेई यांच्याकडे ख्रुश्चॉव्ह यांचे चिरंजीव सर्गेई नोकरीला होते, हा तपशील इथे ध्यानात ठेवावा. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चॉव्ह पायउतार झाले तसे चेलोमेई यांचे ग्रह फिरले. पुढच्या ऑक्टोबरात वळसा घालण्याच्या कामातही त्यांचे रॉकेट आणि कोरोलेव यांचे यान अशी वाटणी झाली. मुहूर्त निघाल्यावर वरपक्ष बदलावा तसा प्रकार.

खरे भांडण मात्र इंजिनांवरून होते. वालेन्तिन ग्लुश्को हे सोव्हिएत देशातले इंजिनांचे पहिल्या प्रतीचे जाणकार. स्पुटनिक आणि गागारिन यांना वर नेणारी इंजिने त्यांचीच. चंद्राच्या एन-१ रॉकेटसाठी कोरोलेव यांना केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन हवे होते. ग्लुश्को यांचा आग्रह, एकमेकांना भेटताच पेटणाऱ्या, साठवायला सोप्या पण अतिशय विषारी अशा रसायनांचा. दोघांनीही माघार घेतली नाही. मग कोरोलेव गेले कुइबिशेव्हच्या निकोलाय कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे. हे विमानांच्या इंजिनांचे कारागीर. त्यांनी बांधलेली इंजिने उत्तम निघाली, पण आकाराने लहान. म्हणून एन-१ च्या पहिल्या टप्प्याला तीस इंजिने बसवावी लागली. सॅटर्न-५ ला पाच पुरली.

या भांडणाची कथा सांगताना चरित्रकार १९३८ कडे जातात. त्या वर्षी स्टालिनच्या पोलिसांनी मार्चमध्ये ग्लुश्को यांना आणि जूनमध्ये कोरोलेव यांना धरले. कोरोलेव यांच्याविरुद्धच्या कागदांत ग्लुश्को यांची जबानीही होती. कोरोलेव कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत मरता मरता वाचले, आणि १९४२ मध्ये कझानच्या तुरुंग-कार्यशाळेत त्यांना ग्लुश्को यांच्या हाताखाली काम करावे लागले. सूडकथेला याहून चांगले साहित्य मिळणार नाही, आणि पुष्कळांनी तशी ती रंगवलीही आहे. पण छळाखाली घेतलेल्या जबानीचा हिशेब तीस इंजिनांत मांडणे मला पटत नाही. ग्लुश्को यांच्या आग्रहाला अनुभवाचा आधार होता. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मोठ्या ज्वलनकक्षात केरोसीन आणि ऑक्सिजन अस्थिर होऊन इंजिनाच्या चिंधड्या उडवतात हे त्यांनी पाहिले होते; म्हणूनच आर-७ च्या इंजिनाला एका मोठ्या कक्षाऐवजी चार लहान कक्ष आहेत. हीच अडचण सॅटर्नच्या एफ-१ इंजिनात अमेरिकनांनाही आली. त्यांनी चालू इंजिनाच्या पोटात छोटे स्फोट घडवून, शेकडो चाचण्या करून ती सोडवली. अमेरिकन अभियंते अधिक हुशार होते असा याचा अर्थ नाही. त्यांच्याकडे चाचणीसाठी पैसा आणि वेळ होता, आणि १९६६ मध्ये नासावरचा खर्च केंद्रीय अर्थसंकल्पाच्या चार टक्क्यांवर गेला होता. एन-१ चा पहिला टप्पा उड्डाणाआधी जमिनीवर एकदाही अखंड पेटवून पाहिला गेला नाही. त्यासाठी लागणारा चाचणी-मंच बांधलाच नव्हता.

कोरोलेव १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेच्या मेजावर गेले. त्यांचे नाव सोव्हिएत जनतेला कळले ते मृत्युलेखातून. त्यांच्या जागी आलेल्या वासिली मिशिन यांच्या काळात एन-१ चार वेळा उडाले, २१ फेब्रुवारी १९६९ ते २३ नोव्हेंबर १९७२ या अवधीत, आणि चारही वेळा पहिला टप्पा संपण्याआधीच गेले. ३ जुलै १९६९ चे तर उठल्या जागी कोसळले आणि प्रक्षेपणतळ घेऊन गेले. आर्मस्ट्राँग निघायला तेरा दिवस उरले होते.

हे सगळे आपल्याला कळते कुठून? दोन ग्रंथ मी पुन्हा पुन्हा उघडतो. बोरिस चेर्तोक यांच्या ‘रॉकेटे आणि माणसे’ या चार खंडी आठवणी १९९४ पासून मॉस्कोत निघाल्या; असिफ सिद्दिकी यांच्या संपादनाखाली नासाने त्यांचे इंग्रजी भाषांतर काढले. दुसरा ग्रंथ म्हणजे अंतराळवीरांचे प्रशिक्षण पाहणारे हवाई दलाचे जनरल निकोलाय कामानिन यांची रोजनिशी. चेर्तोक रसाळ आहेत. बैठकीत कोण कुठे बसले, कोणी फोन आपटला, मध्यरात्री कँटीनमध्ये काय मिळाले, सगळे ते सांगतात, आणि विनोदाची त्यांना उत्तम जाण आहे. पण ही कोरोलेव यांच्या कचेरीच्या खिडकीतून दिसलेली दुनिया आहे. एन-१ ची बिघडलेली इंजिने ओळखून बंद करणारी ‘कॉर्द’ ही यंत्रणा स्वतःच चुकली, पहिल्या उड्डाणात तिने चालती इंजिनेही बंद केली. आणि चेर्तोक हे त्या कचेरीतल्या नियंत्रणयंत्रणांचेच प्रमुख. ते काही लपवत नाहीत, पण साक्षीदार पक्षकारही आहे हे विसरून त्यांचे वाचन करता येत नाही.

कामानिन यांच्याकडे रस नाही, चीड आहे. रोजची, ताजी, शिळी न झालेली चीड. याने इतकी स्वयंचलित का, वैमानिकाला हात लावायला काही का ठेवत नाही, वरिष्ठांना अंतराळाची किंमत का कळत नाही. त्यांना प्रतिस्पर्धी दिसतो तो बहुतेक वेळा मॉस्कोतच, शेजारच्या मंत्रालयात किंवा अभियंत्यांच्या कचेरीत. साहित्य म्हणून चेर्तोक श्रेष्ठ. पण उद्या काय होणार हे ठाऊक नसताना लिहिलेला कागद म्हणून मी कामानिन यांना वरचे पान देईन. राजवाड्यांनीही तेच केले असते असा माझा तर्क आहे. सिद्दिकी यांनी २००० मध्ये आपला हजार पानी इतिहास लिहिताना अशी सगळी साधने एकमेकांवर घासून पाहिली. सोव्हिएत कार्यक्रम हा परस्परांशी झुंजणाऱ्या सरदारांचा दरबार होता, हे चित्र त्यांच्यामुळे पक्के झाले. मराठी वाचकाला ते परके वाटू नये.

गुप्ततेबद्दल एक गोष्ट येथे नोंदवतो, कारण तिच्यावरून फार भावुक लेखन होते. वालेन्तिन बोंदारेन्को हा तरुण उमेदवार २३ मार्च १९६१ रोजी ऑक्सिजनने भरलेल्या खोलीत भाजून मेला. ही बातमी १९८६ मध्ये याकोव गोलोवानोव यांनी छापली. ती वेळीच कळली असती तर जानेवारी १९६७ मध्ये अपोलो-१ च्या आगीत तीन अमेरिकन वाचले असते, असे म्हणतात. मला शंका आहे. शुद्ध ऑक्सिजनमधल्या आगींचे अनुभव अमेरिकनांच्या स्वतःच्या प्रयोगशाळांतही होते. त्यांनी तेच मनावर घेतले नव्हते.

२० जुलै १९६९ नंतर सोव्हिएत संघाने भूमिका घेतली की आम्ही या शर्यतीत नव्हतोच, आमचा भर यंत्रमानवांवर आणि अवकाशस्थानकांवर. जगात पुष्कळांनी ते मानलेही. अमेरिकन सरकारला मात्र खरे ठाऊक होते. एन-१ चा अवाढव्य तळ त्यांच्या हेर-उपग्रहांनी टिपला होता आणि वेब काँग्रेसला मोठ्या सोव्हिएत रॉकेटचा इशारा देत तेव्हा लोक हसत. दोन्ही सरकारांना माहीत, दोन्ही देशांतल्या नागरिकांना अंधारात, अशी ही शर्यत. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अपोलो-११ चंद्राकडे जात असताना लूना-१५ हे सोव्हिएत यान तिथे आधीच फिरत होते. दोघांची गाठ पडेल काय ही काळजी उपजली तेव्हा नुकतेच रशियाला जाऊन आलेले अंतराळवीर फ्रँक बोर्मन यांनी सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष केल्दिश यांच्याकडे विचारणा केली, आणि केल्दिश यांनी तारेने कक्षेचा तपशील कळवून निर्धास्त केले. स्पर्धेच्या अगदी ऐन क्षणी झालेला हा व्यवहार.

ऑगस्ट १९८९ मध्ये ‘इझ्वेस्तिया’ने चंद्रावर न गेलेल्या मोहिमेची हकीकत छापली. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेत गेलेल्या अमेरिकन प्राध्यापकांना एका कोपऱ्यात एक चमत्कारिक यान दिसले. एकच माणूस उतरेल अशा बेताचे चांद्रयान होते ते. वीस वर्षे नाकारलेला विडा तिथे धूळ खात पडला होता.

या दोघांच्या ईर्षेत तिसऱ्यांचे काय झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडी-वेब यांच्या त्या बैठकीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, केरळातल्या थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले. रॉकेट अमेरिकेचे नाइकी-अपाची, त्यातले सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे. थुंब्याला पुढे हेलिकॉप्टर आणि मिन्स्क संगणक मिळाला तो सोव्हिएत संघाकडून. विक्रम साराभाई यांनी दोघांच्याही अहमहमिकेतून आपले काम काढून घेतले. तिथल्या पहिल्या तुकडीतले प्रमोद काळे किंवा घन इंधनाचे काम उभे करणारे वसंत गोवारीकर यांच्या पिढीला ‘शर्यत’ हा शब्द कसा ऐकू येत असेल याचे मला कुतूहल आहे. आज चांद्रयानाच्या बातम्या देताना आपली वृत्तपत्रे कोण कितवा याचा तक्ता छापतात, तेव्हा ती थुंब्याची भाषा बोलत नसतात. ती ६ ऑक्टोबर १९५७ च्या ‘प्राव्दा’ची असते.

एन-१ चा शेवट सांगायचा राहिला. मे १९७४ मध्ये मिशिन यांना काढून सगळी संस्था ग्लुश्को यांच्या हाती देण्यात आली, आणि त्यांनी पहिल्याच झटक्यात एन-१ थांबवले. टाक्यांचे पत्रे बैकानूरला छपरांसाठी वापरले गेले. इंजिने नष्ट करण्याचा हुकूम कुझ्नेत्सोव्ह यांनी पाळला नाही. सुधारलेली एनके-३३ इंजिने त्यांनी गोदामात झाकून ठेवली. नव्वदीच्या दशकात ती अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि २१ एप्रिल २०१३ रोजी व्हर्जिनियाहून अंतारेस रॉकेटला लावून उडवली. २८ ऑक्टोबर २०१४ च्या उड्डाणात त्यांपैकी एकाचा स्फोट झाला आणि ती काढून टाकण्यात आली. त्यांच्या जागी बसवलेली आरडी-१८१ ही इंजिनेही रशियातूनच आली, ग्लुश्को यांनी उभ्या केलेल्या कारखान्यातून. ती केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालतात.